मढ्यांची रात्र, माणसांची सकाळ

मंडळी, आजचा विषय वाचून आमच्या घरातले काही जण (विशेषतः माझ्या धाकट्या जाऊबाई) कपाळाला हात लावतील. पंच्याहत्तरी आली आणि या बाईला भुताखेतांचे सिनेमे कुठून सुचले, असं म्हणतील. म्हणोत बापडे! मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड लागते. कुठलीही वस्तू हातात आली की ती कोणत्या सालची, कुणी केली आणि पैसे कुणी दिले, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. त्या खोडीपायीच हा लेख.

सिनेमाचं नाव 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. साल १९६८, दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. कृष्णधवल, दीड तासाच्या आसपासचा. मी तो २०२० च्या टाळेबंदीत पहिल्यांदा पाहिला. नातवाने लावून दिला आणि "आजी, घाबरलीस तर बंद कर" असं बजावून गेला. बंद केला नाहीच, उलट त्यानंतर आणखी तीनदा पाहिला. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे अमेरिकन उच्चारांशी माझं वाकडंच. सगळी भिस्त खाली उमटणाऱ्या अक्षरांवर. पण न कळण्यासारखं यात काही नाही. एक घर आहे. घराबाहेर मेलेली माणसं आहेत. घरात जिवंत माणसं आहेत आणि ती आपसात भांडताहेत. संपली गोष्ट.

आता पैशाचं बघू. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर. हॉलिवूड तिथून हजारो मैल दूर. रोमेरो मूळचा न्यूयॉर्कचा, १९४० चा जन्म. पिट्सबर्गला शिकायला आला आणि तिथेच राहिला. मित्रांबरोबर 'लेटंट इमेज' नावाची छोटी कंपनी काढून तो जाहिराती आणि कारखान्यांसाठीचे माहितीपट करायचा. लहान मुलांना जगातली भीती समजावून सांगणारे फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ तिकडे दूरचित्रवाणीवर फार लोकप्रिय होते. त्यांच्या कार्यक्रमासाठीही रोमेरोने काम केलं होतं. त्यात टॉन्सिलच्या ऑपरेशनची एक फिल्म होती. आपण केलेला सर्वांत भीतिदायक सिनेमा तोच, असं तो पुढे थट्टेने सांगायचा!

जाहिराती करून कंटाळलेल्या या मंडळींनी १९६७ साली ठरवलं, आपण सिनेमा काढू. दहा जण जमले, प्रत्येकाने ६०० डॉलर काढले. झाले ६,०००. म्हणून नव्या कंपनीचं नाव 'इमेज टेन'. आपल्याकडे नाटक मंडळी वर्गणी काढून नाटक बसवायची, तसाच प्रकार. पुढे आणखी लोकांनी हातभार लावला आणि सगळा खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलरपर्यंत गेला. त्याच १९६८ साली 'रोझमेरीज बेबी' हा बड्या कंपनीचा भयपट आला, त्याला तीस लाख डॉलरच्या आसपास लागले होते. यावरून अंदाज यावा.

पैसा नाही म्हटल्यावर माणूस काय काय करतो, ते बघण्यात मला फार मौज वाटली. पिट्सबर्गच्या उत्तरेला इव्हान्स सिटी नावाचं छोटं गाव आहे. तिथे एक रिकामं शेतघर मिळालं. ते पाडायचंच होतं, म्हणून मोडतोड केली तरी मालकाची ना नाही. त्यात नळाला पाणीसुद्धा नव्हतं. घराचं तळघर चित्रीकरणाला चालण्यासारखं नव्हतं, म्हणून ते दृश्य शहरातल्या कंपनीच्या इमारतीत घेतलं. निर्मात्यांपैकी रसेल स्ट्रायनर हाच सुरुवातीच्या दृश्यातला भाऊ झाला. दुसरा निर्माता कार्ल हार्डमन हा तळघरातला तापट बाप झाला आणि त्याची खरी मुलगी सिनेमातली मुलगी झाली. आईचं काम करणाऱ्या मेरिलिन ईस्टमनबाई मेकअपचंही बघत. रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं, कृष्णधवल चित्रात कुणाला कळतंय? भागीदारांपैकी एकाचा मांसाचा धंदा होता, त्याने आतडी आणून दिली. (जाऊबाई, हे वाक्य सोडून पुढे जा.) संगीतकार परवडत नव्हता, तेव्हा तयार तबकड्यांच्या संग्रहातलं जुनं संगीत विकत घेऊन जोडलं.

आणि ती मोटार! सुरुवातीला भाऊ-बहीण ज्या मोटारीतून स्मशानात येतात ती स्ट्रायनरच्या आईची. चित्रीकरण चालू असताना कुणीतरी तिला ठोकर मारली आणि पोचा आला. आता पोचा दिसणार. मग काय, कथेतच बदल करून मोटार झाडावर आपटवली.

पण नुसत्या काटकसरीच्या गमती सांगायच्या तर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. या गरिबीनेच सिनेमाला त्याचा चेहरा दिला, असं माझं मत आहे. रंगीत फिल्म परवडली नाही म्हणून तो १९६७-६८ मधल्या दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांसारखा दिसतो. कॅमेरा हातात धरलेला, प्रकाश कुठे जास्त कुठे कमी. व्हिएतनामची लढाई लोक रोज संध्याकाळी घरात बसून तशाच चित्रांत बघत होते. १९६७ च्या जुलैत न्यूअर्क आणि डेट्रॉइट पेटलं, तेही. नामवंत नट नाहीत, म्हणून कोण जगणार आणि कोण मरणार याचा प्रेक्षकाला अंदाज येत नाही. राक्षसाचे मुखवटे परवडले नाहीत, म्हणून भुतं म्हणजे साधी माणसं. कुणी सुटातला, कुणी रात्रीच्या कपड्यातला, एखादी बाई उघडीच. गावातले शेजारीपाजारीच ते! आसपासच्या लोकांना चेहऱ्याला रंग फासून उभं केलेलं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ते मला महत्त्वाचं वाटतं. 'झोंबी' हा शब्द या सिनेमात एकदाही येत नाही. तो शब्द हैतीचा. तिथला झोंबी कुणाला खात नाही. मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवतो आणि शेतात राबवतो, असा तो समज. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून राबून मेले, त्यांना मरणानंतरही सुटका नाही याची धास्ती वाटावी, यात नवल काय? १९१५ ते १९३४ अमेरिकेने हैती ताब्यात ठेवलं, तेव्हा ही कल्पना अमेरिकेत पोचली. १९३२ साली 'व्हाइट झोंबी' नावाचा सिनेमाही आला. रोमेरोने मात्र आपली कल्पना तिथून घेतली नव्हती. रिचर्ड मॅथेसनची १९५४ ची 'आय अ‍ॅम लेजंड' ही कादंबरी त्याच्या डोक्यात होती. त्यात सगळं जग रक्तपिपासू झालेलं असतं आणि एकच माणूस घरात कोंडून घेऊन उरलेला असतो. त्याच्या मढ्यांना मालक नाही, मांत्रिक नाही.

आणि आपली भुतं? मुंजा पिंपळावर असतो, समंध पुरलेल्या ठेव्यावर बसतो, हडळ विहिरीपाशी. प्रत्येकाची काही वासना राहिलेली असते. ती पुरी केली की भूत जातं. वेताळ तर प्रेतात शिरूनही राजाला गोष्टी सांगतो, कोडी घालतो. म्हणजे आपल्या भुतांशी बोलता येतं. रोमेरोच्या प्रेतांशी बोलणंच खुंटलं. त्यांना राग नाही, सूड नाही, नावही नाही. फक्त भूक. लहानपणी आजीकडून भुताच्या गोष्टी ऐकून मला झोप लागायची. या सिनेमानंतर ती लागली नाही, ती याच कारणाने.

असो. आता घरात येऊ.

बार्बरा आणि तिचा भाऊ वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला दूरवरून येतात. भाऊ थट्टा करत असतो, तेवढ्यात एक माणूस अंगावर येतो, भाऊ पडतो, ती पळत त्या शेतघरात शिरते. थोड्या वेळाने बेन नावाचा तरुण तिथे येतो. तो शहाणा, हाताने काम करणारा. दारं-खिडक्यांना फळ्या ठोकतो, रेडिओ शोधतो, बंदूक शोधतो. मग कळतं की तळघरात आणखी पाच जण लपलेत. हॅरी कूपर, त्याची बायको, त्यांची चावा लागून आजारी पडलेली मुलगी आणि एक तरुण जोडपं. कूपर म्हणतो, तळघरात चला, एकच दार आहे, ते लावू. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा, वर राहूनच लढायचं. या एका प्रश्नावर उरलेला सिनेमा भांडण चालतं.

कूपर भित्रा, हेकट, बायकोवर खेकसणारा. बेन धीराचा. आपण अर्थातच बेनच्या बाजूचे. आता निकाल बघा. बेनच्या बेतानुसार पेट्रोल आणायला गेलेलं तरुण जोडपं ट्रकसकट जळून मरतं. फळ्या तुटतात, मढी आत येतात. बार्बराला ओढून नेणाऱ्या घोळक्यात तिचा मेलेला भाऊच असतो. भांडणात बेनच्या गोळीने कूपर मरतो. आजारी मुलगी मरून उठते आणि आई-बापांवरच उलटते. आणि शेवटी एकटा उरलेला बेन काय करतो? तळघरात जातो, दार लावतो आणि वाचतो! म्हणजे कूपरचं म्हणणं बरोबर होतं.

पहिल्यांदा पाहताना हे माझ्या ध्यानातच आलं नाही, इतक्या सहज ते पुढे सरकतं. चांगला माणूस चुकीचं बोलत होता आणि वाईट माणूस बरोबर. पाठ्यपुस्तकात असे धडे नसतात. आमच्या वर्गात मुलांना 'तात्पर्य काय?' विचारायची पद्धत होती. या गोष्टीचं तात्पर्य लिहायला सांगितलं असतं तर वर्गातल्या हुशार मुलीनेही पेन खाली ठेवलं असतं.

मधेच त्यांना घरात दूरचित्रवाणी संच सापडतो. त्यावरच्या बातम्या हा सिनेमातला मला सर्वांत आवडलेला भाग. आधी सांगितलं जातं, घराबाहेर पडू नका. मग सांगतात, ती सूचना रद्द, मदत केंद्रांवर जा. वॉशिंग्टनमध्ये बैठकीतून बाहेर पडणारे अधिकारी मोटारीकडे घाईने चाललेत. शास्त्रज्ञ म्हणतो, शुक्राकडून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाने हे झालं. शेजारी चालणारा लष्करी अधिकारी म्हणतो, तसं काही ठरलेलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही सगळे संध्याकाळी काय बघत होतो ते आठवा. मला तर काही वाक्यं ओळखीची वाटली.

आता बेनबद्दल. बेनचं काम केलेला ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. संहितेत बेन कुठल्या वर्णाचा हे लिहिलेलंच नव्हतं. लिहिला होता तो जरा अडाणी बोलणारा ट्रकवाला. चाचणीत जोन्स सगळ्यांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो कायम सांगत आला. जोन्स उत्तम शिकलेला. त्याने ती गावंढळ बोली बाजूला ठेवली आणि बेनला स्वतःसारखं नेटकं बोलायला लावलं. बाकी संहितेत त्याच्या वर्णापायी काही बदललं नाही. सिडनी पॉइटिएचे १९६७ मधले गाजलेले सिनेमे घ्या. त्यांत नायकाचा रंग हाच विषय असतो. इथे अख्ख्या सिनेमात कुणी त्याचा उल्लेख करत नाही. गोरा कूपर बेनवर एवढा जळतो, त्यामागे काय आहे हे प्रेक्षकाला दिसतं, पण तोंडाने कुणी बोलत नाही.

आणि मग सकाळ होते.

पक्षी ओरडताहेत, ऊन पडलंय. शेरीफ आणि बंदुका घेतलेले गावकरी, कुत्री बरोबर घेऊन शेतातून येताहेत. कॉफी पिताहेत, गप्पा मारताहेत. मढी टिपून जाळायची, असं काम चाललंय, सहलीला निघाल्यासारखं. बेन आवाज ऐकून तळघरातून वर येतो, खिडकीशी जातो. एक जण नेम धरतो. कपाळाच्या मध्यावर गोळी. शेरीफ म्हणतो, छान, आणखी एक झाला. पुढे हलतं चित्रच नाही, नुसते खरबरीत छायाचित्रांचे तुकडे, वर्तमानपत्रात येतात तसे. हातांत मांसाचे आकडे, आकड्यांनी ओढलेलं प्रेत, लाकडांचा ढीग, आग.

अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याची छायाचित्रं एके काळी पोस्टकार्ड म्हणून विकली जात. प्रेताभोवती उभे असलेले लोक कॅमेऱ्याकडे बघत असत. ती छायाचित्रं ज्याने कधी पाहिली असतील त्याला हा शेवट बघताना काय वाटलं असेल? रात्रभर मढ्यांशी लढून जो वाचला त्याला सकाळी जिवंत माणसांनी मारलं, आणि मारणाऱ्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. शेवट गोड करावा, बेनला वाचवावं, असाही विचार झाला होता. जोन्सनेच तो नको म्हटलं. खोटं वाचण्यापेक्षा आपण मेलेलं आपल्या समाजाला पटेल, अशा अर्थाचं त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. नंतर तो शिक्षक आणि नाट्यदिग्दर्शक म्हणून जगला, महाविद्यालयात शिकवत राहिला, १९७३ च्या 'गांजा अँड हेस'सारख्या थोड्या सिनेमांत दिसला आणि १९८८ मध्ये वारला. मात्र लोकांनी त्याला ओळखलं ते त्या एका रात्रीवरून. एका शिक्षकाची कीव दुसऱ्या शिक्षिकेला येणारच.

रोमेरो एक आठवण नेहमी सांगायचा. ४ एप्रिल १९६८ ला तो आणि स्ट्रायनर तयार सिनेमाची प्रत मोटारीत घालून न्यूयॉर्कला चालले होते. रस्त्यात रेडिओवर बातमी आली, मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. सिनेमा त्याआधीच पुरा झाला होता. एक फ्रेमही त्या हत्येवरून सुचलेली नाही. पण तो दाखवला गेला त्या हत्येनंतर, आणि मग तो तसाच वाचला गेला. इतिहासात हे पुष्कळदा होतं. वस्तू तीच राहते, तारीख तिला अर्थ देते.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने तो नाकारला. अमेरिकन इंटरनॅशनलला शेवट बदलून हवा होता. यांनी बदलला नाही. वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनने आहे तसा घेतला. १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात पहिला खेळ झाला. नंतर काही शहरांत तो दुपारच्या मुलांच्या खेळाला लावला! भयपट म्हणजे रबरी राक्षस, मुलं हसतात, ओरडतात, खाऊ खातात, असा तेव्हाचा समज. वयाप्रमाणे प्रमाणपत्र देण्याची पद्धत अमेरिकेत सुरू झाली १ नोव्हेंबरपासून, म्हणजे एक महिना उशिरा. समीक्षक रॉजर एबर्ट शिकागोच्या अशा एका खेळाला बसला होता. त्याने जानेवारी १९६९ मध्ये लिहिलं की सुरुवातीला किंचाळणारी मुलं पुढे एकदम गप्प झाली आणि पलीकडची आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हलेना, नुसती बसून रडत होती. त्या मुलीचा विचार माझ्या मनातून जात नाही. सिनेमा थोर आहे हे मी म्हणतेच आहे. पण त्या दुपारी तिला तिथे बसवणाऱ्या मोठ्या माणसांना मी माफ करणार नाही.

आता शेवटची गोष्ट, कायद्याची. सिनेमाचं आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने ते बदललं. स्वामित्वहक्काची ओळ त्या जुन्या नावाच्या पाटीवरच होती. नवी पाटी केली, तिच्यावर ओळ घालायची राहून गेली. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा १९०९ चा, फार कडक. सूचनेशिवाय प्रसिद्ध केलंत, हक्क गेला. झालं! सिनेमा सगळ्यांचा झाला. कुठल्याही थिएटरने, दूरचित्रवाणी केंद्राने, पुढे व्हिडिओ कॅसेटवाल्याने फुकटात दाखवावा, विकावा. कोट्यवधी डॉलरचा धंदा झाला आणि करणाऱ्यांच्या हाती त्यातला फार थोडा वाटा आला. १९९० मध्ये तोच सिनेमा पुन्हा रंगीत काढला, त्यामागे थोडी वसुली करावी हाही हेतू होता.

पण दुसरी बाजूही बघा. फुकट म्हणूनच रात्री-अपरात्री तो घरोघर दिसत राहिला. मेलेला उठतो, हळू चालतो, माणूस खातो, त्याने चावलं की आपणही तसेच होतो, आणि डोक्यावर घाव घातला तरच थांबतो. हे सगळे नियम त्या शेतघरातले. त्यांचा मालक कुणी उरला नाही आणि जगभर त्यांच्यावर सिनेमे निघत राहिले. स्वतः रोमेरोने १९७८ मध्ये 'डॉन ऑफ द डेड' काढून मढ्यांना मॉलमध्ये फिरवलं. २०२२ साली तीच मढी आपल्या डोंबिवलीत येऊन पोचली, आदित्य सरपोतदारांच्या 'झोंबिवली'त. माझी भाचेसून डोंबिवलीचीच. ती म्हणाली, "मावशी, सकाळच्या लोकलला आम्ही असेच दिसतो."

१९९९ मध्ये अमेरिकेने हा सिनेमा जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने मूळ निगेटिव्हवरून त्याची स्वच्छ प्रत तयार केली. २०१७ च्या जुलैत रोमेरो गेला.

ज्यांना बघायचा असेल त्यांनी इंटरनेटवर शोधावा, पैसे पडत नाहीत आणि चोरीही होत नाही. शक्यतो दुरुस्त केलेली प्रत बघा, जुन्या प्रतींत रात्रीचं काही दिसत नाही. घरातली लहान मुलं झोपल्यावर लावा. आणि बेनला गोळी लागली की पाणी प्यायला उठू नका, नावांच्या मागून जी छायाचित्रं सरकतात ती संपेपर्यंत बसा.